घरचा पेशंट जेवत नाही तेव्हा काय करायचं (पॅलिएटिव्ह केअरमधल्या खाण्यापिण्याचं)

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे मोठ्या आजारात पेशंटचा त्रास कमी ठेवायची काळजी, सुरू झालेल्या घरात औषधावरून जेवढी भांडणं होत नाहीत तेवढी ताटावरून होतात. "दोन घास तर खाऊन घ्या", "नाही खाल्लं तर ताकद कुठून येईल", "काल अर्धी पोळी खाल्ली होती, आज काहून नाही" असं घरातले सगळे दिवसभर म्हणून राहिलेले असतात आणि पेशंट भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. माझ्या सासऱ्यांचं तोंडाच्या कॅन्सरचं सगळं आम्ही घरीच केलं, तेव्हापासून ओळखीत कोणाकडे असं आजारपण आलं की फोन येते, ताई खायला काय देऊ. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवून राहिली आहे. मी डॉक्टर नाही, डोस वगैरे तुमच्या डॉक्टरलाच विचारा, पण घरी ताट, वाटी, चमचा कसा चालवायचा ते सांगू शकते.

सगळ्यात आधी डॉक्टरला एक प्रश्न सरळ विचारा, की आमच्या हातात अंदाजे महिने आहेत, आठवडे आहेत की दिवस. विचारायला जीभ रेटत नाही हे माहीत आहे, पण खाण्याचं सगळं गणित यावरच आहे. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचे चार दिवस असं बिलकुल नाही, काही पेशंट केमो घेत घेत वर्षभर आणि त्याहून जास्तही चालतात, त्यांच्यासाठी वजन, प्रोटीन, डाएटिशियनचा चार्ट हे सगळं महत्त्वाचं आहे. आठवड्यांची गोष्ट असेल तर चार्ट बाजूला ठेवा, जे आवडते ते, जेव्हा मागेल तेव्हा. आणि दिवसांची गोष्ट असेल तर काम फक्त तोंड ओलं ठेवण्याचं. आमच्या नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) असो, एम्स असो, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो की जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट, जिथे ट्रीटमेंट चालू आहे तिथे पॅलिएटिव्ह किंवा पेन क्लिनिक कुठे आणि कोणत्या दिवशी असते आणि डाएटिशियन कुठे बसतात हे विचारून घ्या, बरेच लोक वर्षभर ओपीडीत चकरा मारतात पण हे विचारतच नाहीत.

आता वजनाचं. कॅन्सर पुढे गेला की शरीरात सतत सूज-दाहासारखी प्रक्रिया चालू राहते, त्याच्यामुळे भूक मरते आणि स्नायू झिजत जातात, आणि हे झिजणं नुसतं जास्त खाऊ घालून थांबत नाही. साधी उपासमार असती तर तूपपोळी खाऊन अंग भरून आलं असतं, इथे तसं होत नाही. हार्ट फेल्युअर, किडनी, सीओपीडी (फुप्फुसाचा जुना दम्यासारखा आजार) यांच्या शेवटच्या टप्प्यातही असंच काहीसं दिसते. म्हणजे पेशंट खात नाही म्हणून खंगून राहिला असं नाही, आजारानेच भूकही खाल्ली आणि अंगही. हे एकदा घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा, खास करून जी बाई रांधून राहिली आहे तिला, कारण उरलेली वाटी परत आली की तिला वाटते माझ्याच हातची चव गेली.

पण सगळंच आजारावर ढकलून बसायचं नाही. न खाण्यामागे कित्येकदा दुरुस्त होणारं कारण असते, ते आधी शोधा, मेनू नंतर. रोज सकाळी मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात बघा. जिभेवर, गालाच्या आतून दह्यासारखे पांढरे थर दिसले तर ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकते, त्याच्यावर थेंब किंवा तोंडात लावायचं औषध मिळते आणि काही दिवसांत पेशंट परत चवीने खायला लागते, एवढा फरक पडते. छाले असतील तर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा टाकून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, गिळायचं नाही, थुंकायचं. बाजारातला झोंबणारा माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असलं तर तोंड अजून कोरडं पडते. कवळी ढिली झाली आहे का तेही बघा, वजन उतरलं की हिरड्याही उतरतात, कवळी घासते आणि माणूस सांगत नाही, नुसतं "नको" म्हणते.

दुसरं कारण पोट. मॉर्फिन किंवा ट्रामाडोलसारखी दुखण्यावरची गोळी चालू असेल तर बद्धकोष्ठ होणारच, हे धरूनच चाला, त्या गोळीसोबत पोट साफ व्हायचं औषध लिहून दिलं आहे का ते पर्चीवर बघा आणि नसेल तर मागा. चार दिवस संडास नाही झाली तर कोणाला भूक लागेल? इथे आपल्याकडे हमखास कोणीतरी इसबगोल आणून देते. इसबगोलाला भरपूर पाणी लागते, पाणी कमी पिणाऱ्या आणि मॉर्फिनवर असलेल्या पेशंटला ते आतच घट्ट होऊन बसू शकते, तर ते नको. सनाय, बिसाकोडिल, लॅक्टुलोज यातलं काय आणि किती ते डॉक्टर सांगतील. मळमळ असेल तर उलटीची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, जेवल्यावर नाही. दुखत असेल तर दुखण्याची गोळी अशा वेळी द्या की जेवणाच्या वेळेला तिचा असर चालू असेल. एवढं केल्यावर निम्म्या घरांत ताटाचा प्रश्न जरा तरी सुटते.

आणि एक, पोट फुगून टम्म झालं, गॅसही पास होत नाही, आणि उलट्या होऊन राहिल्या, तर खाणंपिणं भरवायचं बंद करून आधी डॉक्टरला फोन. आतड्यात अडथळा असू शकते. तिथे "थोडं वरणाचं पाणी तरी" बिलकुल करू नका.

बरं, आता ताटाकडे येऊ. ताटच नको खरं तर. मोठ्या ताटात वाढलं की बघूनच माणसाचं पोट भरते, त्यापेक्षा छोटी वाटी, दोन-तीन चमचे, आणि दर दोन तासांनी. सकाळी बऱ्याच लोकांना त्यातल्या त्यात भूक असते तर दिवसातलं सगळ्यात चांगलं तेव्हा द्या, रात्रीच्या जेवणाचा हट्ट सोडा. पाणी जेवणासोबत ग्लासभर पाजू नका, पोट पाण्यानेच भरते, मधल्या वेळेत घोट घोट द्या. केमोनंतर पुष्कळांना स्टीलचा चमचा तोंडात धातूसारखा लागते, तर प्लास्टिकचा चमचा आणि काचेची वाटी घ्या. फोडणीचा वास सहन होत नाही हे तर नेहमीचंच, म्हणून रांधताना पेशंटच्या खोलीचं दार लोटून घ्या आणि गरमपेक्षा कोमट किंवा थंड पदार्थ द्या, त्यांना वास कमी येते. सावजीचा रस्सा शेजारच्या घरी शिजून राहिला असेल तर त्याचं मात्र काही करता येत नाही.

थोडंसंच जाणार असेल तर त्या थोड्यातच जोर असला पाहिजे. चमचाभर तुपात साधारण ४५ कॅलरी असतात, मऊ भात-वरणावर दोन चमचे सोडले तर वाटीचं आकारमान तेवढंच राहते. अर्ध्या लिटर दुधात चार मोठे चमचे दूध पावडर घोटून ठेवा आणि दिवसभर चहा, खीर, शिरा, सगळीकडे तेच दूध वापरा. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रोटीन मिळते, मऊ भुर्जी करा, कच्चं नको. फल्लीदाण्याचा कूट अगदी बारीक वाटून ताकाच्या कढीत घाला. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकासोबत, मुगाची पातळ खिचडी, आलूचा भर्ता तूप-दूध घालून, दहीभात, सांबार (कोथिंबीर) टाकायचा असेल तर वाटून टाका कारण पान घशाला चिकटते. उन्हाळ्यात आमरस हे तर देवाने अशा पेशंटसाठीच दिलं म्हणावं, तूप आणि थोडी दूध पावडर घालून फ्रिजमध्ये ठेवा. मात्र तोंडात छाले असतील तर आपला संत्रा लांब ठेवा, पाहुणे हमखास पिशवीभर घेऊन येतात पण आंबट रस छाल्यांना असा झोंबते की पेशंट पुढचं काहीच तोंडात घेत नाही. त्याच्याऐवजी चिकू, पिकलेलं केळ, पपई. छाले नसतील तर संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये जमवून छोटे तुकडे चघळायला द्या, कोरड्या तोंडाला इतकं बरं वाटते, आणि ४५ डिग्रीत कूलरसमोर पडलेल्या माणसाला तर वाटेलच.

डब्यातली पावडर घ्यायची का, हा प्रश्न दर दुसऱ्या फोनवर असते. एन्शुअर किंवा तसल्या पावडरी चांगल्या आहेत, मोजून कॅलरी-प्रोटीन मिळते, पण त्यात जादू काही नाही आणि डबा लवकर संपते. पेशंटला चव आवडत असेल आणि परवडत असेल तर घ्या. उधारी करून घेऊ नका, दूध-पावडर-अंडं-तूप याने बहुतेक काम होते.

पथ्याचं पण बोलू. कोणी सांगते साखर बंद करा, साखरेने कॅन्सर वाढते, कोणी दूध बंद करायला लावते, कोणी गव्हांकुराच्या रसावर ठेवते. जो माणूस दिवसाला पाच चमचे खाऊन राहिला त्याचे त्यातले तीन कमी करून काय मिळणार? साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र नक्की अशक्त होते. डायबेटिस, बीपीवाल्यांचं वर्षानुवर्षांचं कडक पथ्यही या टप्प्यावर डॉक्टर बहुतेक वेळा सैल करतात, विचारून घ्या. पण याची दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे, खाणं कमी झालं आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन जुन्याच डोसवर चालू राहिलं तर शुगर एकदम खाली जाते, घाम, थरथर, बडबड, बेशुद्धी. खाणं अर्ध्यावर आलं की त्याच दिवशी डोसबद्दल फोन करा, पुढच्या ओपीडीपर्यंत थांबू नका. बीपीच्या गोळीचंही तसंच. किडनीच्या पेशंटला नारळपाणी आणि फळांचे रस मनाने देऊ नका, त्यात पोटॅशियम असते. हार्टवाल्यांना आणि पायावर, पोटात पाणी असणाऱ्यांना पाणी किती, मीठ किती ते विचारूनच.

भूक वाढवायच्या गोळ्याही असतात, डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड दिलं तर काही आठवडे भूक आणि तरतरी दोन्ही वाढते, मग असर ओसरत जाते, शुगर वाढू शकते, आणि उशिरा दिली तर रात्रभर झोप नाही म्हणून सकाळीच देतात. मेडिकल स्टोअरवाल्याला विचारून अशी गोळी परस्पर आणायची नाही.

आता आपल्या विदर्भाचा खास प्रश्न, खर्रा, म्हणजे चघळायचं तंबाखू-सुपारीचं मिश्रण. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे घराघरात आहेत आणि त्यातल्या कितीतरी लोकांचं तोंड एक-दीड बोटच उघडते, चमचा आत जातच नाही. त्यांच्यासाठी लांब दांड्याचा लहान मुलांचा चपटा चमचा, नाहीतर सॉसची मऊ दाबायची बाटली, नाहीतर सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्या. सिरिंजने सरळ घशावर पिचकारी मारायची नाही, गालाच्या आतल्या बाजूला, बऱ्या बाजूला, थोडं थोडं सोडायचं आणि गिळल्याशिवाय पुढचं नाही.

गिळताना ठसका लागते त्यांना एक गोष्ट उलटीच वाटेल, साधं पाणी सगळ्यात धोक्याचं असते कारण ते पटकन घसरून श्वासनलिकेत जाते. मधाएवढं घट्ट केलेलं पेय जास्त सांभाळता येते. तांदळाची पेज, घट्टसर ताक, कस्टर्ड, नाहीतर थिकनर पावडर मिळते ती पाण्यात. बसवूनच भरवा, पाठीला उशा, हनुवटी किंचित खाली, मान मागे टाकून कधीच नाही. भरवताना टीव्ही बंद, गप्पा बंद. घास गिळल्यावर "आ" म्हणायला लावा, आवाज ओला, घरघरीत आला तर अजून घशात आहे, थांबा. जेवल्यावर अर्धा तास तरी बसलेलं ठेवा. पातळ आणि तुकडे एकत्र असलेलं, म्हणजे दुधात पोहे, रश्श्यात पोळीचे तुकडे, असं टाळा, पातळ आधी घसरते आणि तुकडा मागे राहते.

नळीचं सांगते. राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात. गळ्या-तोंडाच्या कॅन्सरमध्ये, जिथे भूक आहे पण रस्ता बंद आहे, तिथे ही नळी खरंच कामाची आहे. चार-सहा आठवड्यांच्या वर लागणार असेल तर पोटातून बसवायच्या नळीबद्दल, म्हणजे पेगबद्दल, विचारा. पण खूप पुढे गेलेल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळते असं दिसलेलं नाही, आणि पेशंट ती ओढून काढते म्हणून हात बांधायची पाळी येते, तिथे हाताने हळूहळू भरवणं बरं. शेवटच्या काही दिवसांत नवीन नळी टाकायचा आग्रह तर धरूच नका.

नळी असेल तर रोजचं काम असं. फीड (नळीतून द्यायचं पातळ खाणं) गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवून मिक्सरमधून काढा, मग आधी गाळणीतून आणि नंतर स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळा, कारण मिक्सरला न दिसलेलं मुगाचं एक साल अख्खी नळी बंद करते. मूग-तांदळाची पेज, दूध, पावडर, चमचाभर तेल किंवा तूप, असं आलटूनपालटून, चार्ट डाएटिशियनकडून घ्या. फीड घट्ट होऊन चढत नाही ही सगळ्यांची तक्रार असते, आणि पाणी घालत गेलं की कॅलरी पातळ होतात. त्याला एक जुना उपाय आहे, गहू भिजवून मोड आणायचे, उन्हात खडखडीत वाळवून दळायचे, जास्त भाजायचे नाही नाहीतर गुण जाते. शिजलेली घट्ट खीर गॅसवरून उतरवून थोडी निवाली की हे पीठ चमचाभर घालून ढवळा, मोडातल्या रसाने पिष्ट फुटते आणि पाच-दहा मिनिटांत खीर पाण्यासारखी ओतता येते. मग परत एक उकळी आणून गार करा.

देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. नाकापाशी नळीवर जी खूण आहे ती जागेवर आहे का बघा, सरकली असेल तर काहीच घालू नका, फोन करा. आधी ३० मिली पाणी, मग सिरिंजचा दट्ट्या काढून नळकांडं वर धरा आणि फीड आपल्या वजनाने उतरू द्या, दट्ट्याने रेटू नका. एका वेळी २०० मिलीच्या आसपास, पंधरा-वीस मिनिटं घेऊन, शेवटी परत ३० मिली पाणी. खोकला, दम, उलटी आली की लगेच बंद. नंतर तासभर तसंच टेकून ठेवा. गोळ्या एकेक वेगळ्या कुटून पाण्यात, फीडमध्ये मिसळून नाही, आणि हळूहळू असर करणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, सगळा डोस एकदम जाते आणि जिवावर बेतते, त्याचा दुसरा प्रकार लिहून घ्या. उन्हाळ्यात केलेलं फीड बाहेर तासाभराच्या वर ठेवू नका. सिरिंज, नळकांडं धंतोलीत नाहीतर मेडिकल चौकाकडे सर्जिकलच्या दुकानात मिळून जाते.

"एक सलाईन लावून द्या न, ताकद येईल" हे नागपुरात प्रत्येक घरी कोणीतरी म्हणतेच. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरही कॅलरी नाहीत, एका पोळीएवढी ताकद समजा. आणि साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तर कॅलरी शून्य. उलट्या-जुलाबाने किंवा लू लागून पाणी कमी झालं असेल तर सलाईनचा फायदा आहे, नक्की आहे. पण शेवटच्या दिवसांत शरीराला तेवढं पाणी झेपत नाही, ते पायावर सूज, छातीत घरघर आणि दम होऊन बाहेर दिसते.

त्या दिवसांत भूक आणि तहान दोन्ही आपोआप मिटत जातात, पेशंट जास्त वेळ झोपलेला असते, गिळणं थांबते. उपाशी तडफडते असं नसते, त्रास होते तो कोरड्या तोंडाचा, आणि तो घालवणं आपल्या हातात आहे. कापसाचा बोळा किंवा मऊ कापड साध्या पाण्यात भिजवून, पिळून, दर एक-दोन तासांनी ओठ, हिरड्या, जीभ पुसा, ओठांना व्हॅसलीन नाहीतर तूप, ऑक्सिजन चालू असेल तर व्हॅसलीन-तूप नको, पाण्यातलं जेल मागा. चहा आवडत असेल तर बोळा चहात बुडवा, कोणी अडवलेलं नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने गंगाजल घालायचं असते तेव्हाही ओठ ओले होतील एवढंच, चमचाभर ओतू नका, ते फुप्फुसात जाते.

येणाऱ्या मंडळींचं काय करायचं? त्यांना काम द्या. मावशी "काही खाऊन नाही राहिले का गं" म्हणाली की तिच्या हातात तेलाची वाटी द्या, पाय चोळून दे म्हणा. पेशंटसमोर कोणी किती खाल्लं याचा हिशोब करायचा नाही असा घरात नियमच करा, "खाल्लं का" च्या ऐवजी "काही हवं आहे का" विचारा, आणि नको म्हटलं तर वाटी निमूट उचला, अर्ध्या तासाने परत विचारता येते. तर्री-पोहे मागितले आणि गिळता येते तर दोन चमचे द्या, तर्री वरूनच दाखवायची.

एका कागदावर डॉक्टरचा, होमकेअर नर्सचा आणि जवळच्या अँब्युलन्सवाल्याचा नंबर लिहून फ्रिजवर लावा, आणि त्याच्याच खाली फोन कधी करायचा ते पण: भरवताना ओठ निळे पडले किंवा दम लागला, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखं काळं, नळी निघाली, पोट फुगून उलट्या, तीन दिवस संडास नाही, एकदम बडबड किंवा गुंगी, शुगर ७० च्या खाली. रात्रपाळीला जो कोणी बसणार असेल, भाचा असो की शेजारचा पोट्टा, त्याला तो कागद एकदा वाचून दाखवा.